काळा मसाला, दोनदा

मी दोन डाव टाकला होता.
मग सरपण आणायला मागच्या दारी गेले,
तेवढ्यात कोकिळाने दोन टाकला.
सांगणार कोण?
आम्ही जावा, एका भिंतीच्या दोन बाजू,
आखाजीपासून बोलत नव्हतो.
पाहुणे तिच्या जागृतीला बघायला येणार,
चूल मात्र माझी,
कारण तिच्या ओट्याचं काम अर्धं पडलेलं.

वेगळं निघताना सगळं नीट वाटलं होतं.
बंब तिला, परात मला.
पाटा मला, वरवंटा तिला.
वाटणी झाली आणि वाटण बंद पडलं.
दोन्ही घरांत मिक्सर आले.

पातोड्यांचा रस्सा उकळत होता,
वर बोटभर तर्री, काळपट लाल.
जिभेवर थेंब ठेवला.
आधी काहीच नाही.
मग कानामागून चटका निघाला
आणि टाळूवर येऊन बसला.

निंबा भाऊजींचा फोन :
दोंडाईच्याची माणसं गाडीत बसली,
गाडी शिंदखेड्याला आली.

सल्ले गाडीच्या आधी पोहोचले.
आत्या म्हणाली, कणकेचे गोळे सोडा.
जागृती आतून, साडीला पिना लावत : बटाटे.
मंगाबाई : गूळ. मोठा खडा.
कुणी लिंबू कापून ठेवलं, ते तसंच सुकत राहिलं.
मी तांब्याभर आधण ओतलं.
पाण्याने तिखट मरत नाही,
पसरतं फक्त,
घरातलं बोलणं गावात जावं तसं.

शेवटी विचारावंच लागलं.
पातेल्याकडे बघत, तिच्याकडे नाही :
"तू बी टाकेल शे का?"
"दोन डाव."
"मी बी दोन."
"माले वाटनं, तू इसरी गई."
"मी कधी इसरस का?"
आठ महिन्यांत एवढंच,
तेही मसाल्याबद्दल.

चार डावांचं फेडायचं तर
दाणे हवे, तीळ, भाजलेलं खोबरं,
राखेत खरपूस केलेले कांदे,
सगळं गंधासारखं वाटून.
मिक्सरचं बटण दाबलं.
लाईट गेलेली.
बेटावदची लाईट पाहुण्यांच्या तोंडावरच जाते.

कोकिळा उठून गेली.
म्हटलं, झालं.
मागच्या दाराने परत आली तर
कडेवर मूल घ्यावं तसा वरवंटा.
पाटा मी अंगणात आडवा केला,
खालचं कोळ्याचं जाळं झाडलं, धुतला.
कित्येक वर्षं टाकी नाही त्याला.
ती वाटत होती, मी पाण्याचा हबका देत होते.
मध्येच ती उठली, मी बसले.
नरडाणा सुटलं, कुणीतरी ओरडलं.

तर्री मी डावाने काढली, वाटीत.
तर्री काढलेला रस्सा पाहुण्यापुढे ठेवायचा
म्हणजे उघड्या डोक्याने सासऱ्यापुढे जायचं.
वाटण पडलं. रस्सा फिकटला, मग तपकिरी, दाट झाला,
पातोड्या बुडाल्या, वर आल्या.
गूळही टाकला, मंगाबाईंना न सांगता.
कोकिळाने तळहातावर चाखलं, मान हलवली.
ती हो होती की नाही, अजून ठाऊक नाही.

झुलाल नाना, मुलाचे आजोबा,
उभा जन्म मिरचीच्या वखारीत गेलेला.
कळण्याची भाकर चुरली, रस्सा ओतला,
एक घास,
दुसरा,
आणि फार सभ्यपणे :
"बहीन, घरमा जराखं तिखं शे का?"

आम्ही दोघींनी एकदम फडताळाकडे पाहिलं.
वाटी तिनेच नेली.
नानांनी सगळी तर्री ताटात उपडी केली,
टोपी काढून टक्कल पुसलं,
म्हणाले, "आते लागनं."

सोयरीक जमली नाही.
मुलाला पुणं हवं होतं, जागृतीला नको होतं,
ते सगळं निराळं.
रात्री पातेलं घासताना
बोटांच्या भेगा झोंबत राहिल्या.

वरवंटा माझ्याकडेच आहे.
तिने मागितला नाही, मी पोचवला नाही.
परवा भिजवलेली डाळ घेऊन आली,
म्हणाली, मिक्सर बिघडी गया.
सकाळीच भिंतीपलीकडून
मी तो ऐकला होता.
पाटा आडवा केला.