बिनशिवणीचं

सोनेगाव फाट्याच्या पुढे, बंद पडलेल्या जिनिंगला लागून
आमचा कारखाना.
बाहेरून पत्रा,
आत बाराही महिने चैत्र.

भट्टीतून ओंडका सरकत येतो,
मांडीएवढा, लोखंडाचा,
पिकल्या टेंभराच्या रंगाचा.
दोन तिरपे रोल त्याला मधे घेतात,
दाबतात, फिरवतात, पुढे ढकलतात,
बाई दोन तळव्यांत वात वळते तसे.
समोर दांड्याच्या टोकाला मुंडी उभी,
बोराच्या आठोळीसारखी टोकदार.
ओंडका तिच्यावर चढत जातो
आणि पलीकडे निघते नळी,
आरपार.

नव्या पोरांना वाटतं, मुंडीच भोक पाडते.
मलाही वाटायचं.
मग एका रात्रपाळीला नेवारे मिस्तरींनी
मुंडी लावलीच नाही.
तुकडा नुसता फिरवला,
गार झाल्यावर कापून माझ्यासमोर ठेवला.
पोटात फाटलेलं होतं.
वेडंवाकडं, काळं.
"बाहेरून दाबलं का लोखंड मंधातूनच उकलते, बाबू.
मुंडी त्याले फक्त सरळ वाट देते."
आणि खर्रा घोटायला लागले,
जसं काही विशेष बोललेच नव्हते.

करुणा बसस्टँडसमोर ब्लाउज शिवते.
लग्नाच्या पहिल्या महिन्यात तिनं विचारलं,
"सीमलेस मंजे काय?"
म्हटलं, शिवण नसलेलं.
साधा पाइप म्हणजे पट्टी वाकवून कडेला कड जोडलेली.
हा अख्ख्या लोखंडातून निघतो.
जोड नाही, तर उसवायचा प्रश्न नाही.
ती दातात धागा तोडत म्हणाली,
"मंग माया कुठं सोडता?"

मला उत्तर आलं नाही.
शिवणीच्या आत ती बोटभर कापड जास्तीचं ठेवते,
पुढं अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून.
आमच्या नळीला ती सोय नाही.
भिंत साडेपाच मिलिमीटर म्हणजे साडेपाच,
खाली दशांशाचा हिशेब, त्याच्या खाली भंगार.

आमच्या नळ्या वीजघरांत जातात, बॉयलरमध्ये.
आत वाफ, बाहेर कोळशाचा जाळ,
आणि दोघांच्या मधे फक्त ती भिंत.
म्हणून पाठवण्याआधी दोन्ही तोंडं बंद करून
आत पाणी कोंबतात.
दहा सेकंद. सगळे घड्याळाच्या सुईकडे बघत.
दहा सेकंदांत मी किती काय काय आठवतो,
दुकानाचं भाडं, पोरीचा खोकला,
आणि नेवारे मिस्तरी, जे रिटायर झाले
अन् आता ऐकूच येत नाही त्यांना,
आपण बोललो की ओठांकडे पाहून हसतात.
सुई हलत नाही.
नळी पास.

गेल्या पोळ्याच्या आसपास एक नापास झाली.
मशीनला आत काहीतरी ऐकू आलं,
केसाएवढी घडी, डोळ्याला न दिसणारी.
तपासणाऱ्या उईके मॅडमनी पिवळा पट्टा ओढला.
शेवटचा हातभर तुकडा चांगला होता,
गेटपास करून घरी आणला.
आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं आमच्याकडे,
आणि जुनी फुकनी शिवणीतच फाटलेली,
दोनदा तिचा ओठ कापला होता तिनं.

करुणानं तो उलटसुलट पाहिला,
बोट घालून आतून फिरवलं, अस्तर तपासतात तसं.
मग डोळ्याला लावून माझ्याकडे धरला.
"दिसते का काही?"
"दिसता ना. लहान दिसता,
पण पुरे दिसता."

पहिल्या फुंकीला नुसती राख उडाली.
दुसरीला विस्तव टेंभरासारखा झाला.
पिवळा पट्टा अजून आहे त्यावर.
रोज राखेनं घासते, जात नाही,
आणि आता तर
घासताना त्याच्या बाजूनं जाते.