तीन दिवस, दोन रात्री, नाश्त्यासह

पहाटे सव्वापाच. किर्लोस्कर रोडच्या कोपऱ्यावर
अकरा माणसं, चौदा स्वेटर, एक गुंडाळलेली सतरंजी.
मी यादी वाचतो. प्रत्येक नावाबरोबर
तोंडातून थोडी वाफ जाते.
रुद्राप्पा टेम्पोला उदबत्ती ओवाळतो
आणि गियरला कन्नडमध्ये काहीतरी समजावतो.

पहिला दिवस डोंगराचा.
जांबोटी मागं पडते, मग कणकुंबी.
रस्ता असा वळतो की बोलणाऱ्याचं वाक्य
अर्धं या बाजूला राहतं, अर्धं त्या.
इथून पाय घसरला तर थेट गोव्यात, मी म्हणतो.
हसतात. दर वेळी हसतात.
कातळ चढताना मिरजेचे दोघे भाऊ
एकमेकांचा हात धरत नाहीत,
वाटणीचं काहीतरी असणार.
खरं वर पोचल्यावर एकाच बाटलीतलं पाणी पितात.
अस्वलाची विष्ठा दाखवली: काळी, बियांनी भरलेली.
सगळ्यांनी फोटो काढले.
दरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी किल्ला.
हे भुयार, मी सांगतो, थेट बेळगावच्या कोटात निघतं.
मागच्या किल्ल्यावरचंही तिथंच निघत होतं.
माझ्या हिशेबानं या जिल्ह्यात इतकी भुयारं आहेत
की वरची जमीन कशाच्या आधारानं उभी आहे
ते जमिनीलाच ठाऊक.

यादीत नऊ नंबर, सुंद्राबाई मगदूम, वय अठ्ठ्याहत्तर.
दोन्ही दिवस खाली उतरल्याच नाहीत.
गाडीत बसून वाटाणे सोलत होत्या,
रुद्राप्पाशी कन्नडमध्ये गप्पा, मध्येच मराठी,
मध्येच दोन्हींतलं काहीतरी,
जे इकडं चालतं.

तिसरा दिवस बेटाचा. हिडकलचं पाणी,
डिझेलची नाव, लाईफ जॅकेटं, एकाची चेन तुटलेली.
रुद्राप्पाला पोहता येत नाही, तो काठावरच राहतो.
हे राणीचं बेट, मी सुरू केलं.
कदंबांच्या काळात एक राणी रुसून इथं येऊन बसली,
ही सपाट शिळा तिची शेज…

"बेट कसलं रे बाबा?"
नऊ नंबर. सगळ्यांच्या आधी उतरलेली,
चपला हातात, कुणाचा आधार न घेता.
"ही आमची मरडी.
पहाटे तांब्या घेऊन बायका इथंच तर येत होतो."

नावेचं इंजिन बंद होतं. चांगलंच ऐकू गेलं.
मिरजेचा थोरला आधी हसला,
मग धाकटा, मग सगळेच, त्याही.
मी ज्या शिळेवर चार वर्षं राणीला झोपवलं
तिच्यावर त्या ऐसपैस बसल्या.
"हिच्यावर मिरच्या वाळत घालायचो. संकेश्वरी.
आणि तो वाळका शेंडा दिसतोय, पाण्यातनं वर,
ती चिंच. तिच्याखाली मास्तर मारायचे."
गाव कुठं होतं, कुणीतरी विचारलं.
त्यांनी बोट दाखवलं नाही.
फक्त शिंकल्या. एकदा, मग लागोपाठ तीनदा.
ऊन डोळ्यांत गेलं म्हणाल्या.

परत येताना कुणी फारसं बोललं नाही.
गोकाकला करदंट घेतला, किलोकिलो.
किर्लोस्कर रोडला उतरताना
त्यांनी माझ्या मुठीत पन्नासाची नोट कोंबली.
"राणीचं सांगत जा, लोकांना बरं वाटतंय.
खरं तांब्याचंबी सांग."
होय की, म्हटलं. सांगणार नव्हतो.

पुढच्या शनिवारी तेरा माणसं.
कातळ, अस्वल, भुयार, सगळं जागच्या जागी.
नावेत बघतो तर रुद्राप्पा,
दोन लाईफ जॅकेटं घातलेला, डोळे मिटलेले.
का रे, म्हटलं. नुसतीच मान हलवली.
बेटावर उतरलो. घसा खाकरला.
कदंबांच्या काळात एक राणी…
"मरडी!" रुद्राप्पा मागून ओरडला.

तेरा माणसं वळली.
म्हणजे काय, एका मुलीनं विचारलं.
रुद्राप्पाला मराठीत सांगता येईना.
तो माझ्याकडं बघत राहिला.