लिहिताना मी कसा दिसतो

नारीनच्या वर, जिथे रस्ता बर्फापुढे हात टेकतो,
तिथे माझी तिसरीची अकरा पोरं.
शेगडीत कोळसा जेमतेम,
म्हणून बाकं सगळी एका कोपऱ्यात ओढलेली,
मेंढरं थंडीत करतात तशी दाटी करून.

मी म्हटलं, आज धडा नको.
लिहिताना तुम्ही कसे दिसता
तेवढं काढून दाखवा.

बेगायीमनं टेबल काढलं, टेबलावर दिवा,
वहीवर लोंबणारी वेणी.
चेहरा नाही.
"वाकल्यावर चेहरा कुठे दिसतो, एजे?"

कुबातनं नुसतं खोडरबर काढलं,
पानभर, घोड्याएवढं,
आणि त्याच्यामागून डोकावणारे दोन कान.
कान त्याचेच. कुणीही ओळखेल.

सेझिम स्वतः चित्रात नव्हतीच.
तिनं शेपटीचं ते अक्षर काढलं होतं
जे रशियन पुस्तकात शोधून सापडत नाही,
त्याला टोपी घातली होती, पायात बूट.
"हे एकटं असतं," म्हणाली, "म्हणून मी त्याला जास्त वेळा लिहिते."

मग मी विचारलं, तुमच्यात लेखक कोण?
अकरा बोटं भिंतीकडे गेली:
तीन तसबिरी, काचेवर धूर बसलेल्या.
ओरमोननं खुलासा केला,
"लेखकाला मिशा लागतात. आणि आधी मरावं लागतं."

पण अकमाराल, तू तर रोज लिहितेस,
आईच्या फोनवरून, नोवोसिबिर्स्कला?
"ते लिहिणं नव्हे, एजे. ते बाबांना कळवणं.
काळी गाय व्याली. दूध अजून पातळ आहे.
तुमचा कोट घालून बघितला,
बाह्या अजून तुमच्याच आहेत."
एवढं सांगून ती पेन्सिलीला टोक करत बसली.

तालाय सगळ्यांत शेवटी आला.
त्याची अक्षरं ओळीवर उभी राहत नाहीत,
उतारावरच्या बटाट्यांसारखी घरंगळतात.
त्याच्या चित्रात एक उघडी वही, कोरी.
वहीच्या वर एक हात.
हातात लाल पेन.
बोटात अंगठी,
तिचा निळा खडा एका कडेनं उडालेला.

मी माझा हात शालीत घेतला.

रात्री गठ्ठ्यातून त्याची मागच्या आठवड्याची वही काढली.
त्यानं लिहिलं होतं:
वारा आमच्या कुत्र्याला घाबरला.
वर माझी लाल दुरुस्ती, ठसठशीत:
कुत्रा वाऱ्याला घाबरला.
आणि खाली त्याच्या हातचं, सांगितल्याप्रमाणे,
पाच वेळा,
कुत्रा वाऱ्याला घाबरला
कुत्रा वाऱ्याला घाबरला
कुत्रा वाऱ्याला घाबरला
कुत्रा वाऱ्याला घाबरला
कुत्रा वाऱ्याला घाबरला.
एकही अक्षर घरंगळलेलं नाही.
त्याखाली मीच दिलेलं, छान.

सकाळी त्याला बाजूला घेतलं.
खरं सांग, कोण घाबरलं होतं?
तो बुटांकडे बघत राहिला, मग म्हणाला,
"वारा दारापर्यंत आला होता.
कुत्र्यानं नुसतं मान वर करून बघितलं.
मग तो परत गेला."
थोडं थांबून, माझी समजूत काढल्यासारखं,
"असू दे, एजे. तुमचंपण बरोबर असेल."
आणि बादली घेऊन कोळसा आणायला गेला,
आज त्याची पाळी होती.

वर्गात तसबिरींखाली
मी अकरा चित्रं खिळ्यांनी ठोकली.
तालायचं लावताना हात अडला,
तरी लावलं.
मोठ्या सुट्टीत पोरं त्याच्यासमोर उभी राहून
अंगठी मोजूनमापून बघत होती.

काल रात्री वारा माझ्या दाराशी आला,
कडी हलवून बघितली त्यानं, बराच वेळ.
माझ्याकडे कुत्रा नाही.