वादी ओली असताना

सागरमाळावर रात्री अकराला
शेकर दोनशे फेऱ्यांनी हलत असतो
आणि बाहेर विद्यापीठाचे मोर
कुणी गळा धरल्यासारखे ओरडतात.
मी प्लेटा मोजते. चौदा.
अगारात दूध, गंगावेशीच्या कट्ट्यावरचं नव्हे, पावडरचं,
पांढरंफटक,
त्यावर माझा बॅसिलस ठिपक्याठिपक्यांनी बसलेला.
ज्या ठिपक्याभोवती दूध विरून काच दिसेल
त्याने प्रोटीन बाहेर टाकलं, असं समजायचं.
एकाभोवतीही काच नाही.

हा बॅसिलस कुठला, ते वहीत लिहिलंय:
जवाहरनगर, चुन्याच्या हौदाशेजारची माती, खोली एक वीत.
हौद आमचाच, हे लिहिलेलं नाही.
कातडं भिजत घालायचं, केस सैल करायचे;
आजोबांची नखं चुन्यानं खाल्ली ती तिथंच.
ते काम हा ठिपका करू शकेल.
त्याच्यापाशी तसं प्रोटीन आहे,
फक्त ते भिंतीबाहेर यायला हवं.

येत नाही. आतच गोळा होतं.
जेलवर पेशींच्या रकान्यात ठसठशीत निळी पट्टी,
बाहेरच्या पाण्याच्या रकान्यात काही नाही.
"तयार तर झकास होतंय," आयरेकर सर म्हणाले,
म्हणजे वऱ्हाड निघालंच नाही
पण स्वयंपाक फर्मास झालाय.

रविवारी आप्पांशेजारी बसले.
रापीनं तळ तासून झालेला, आरीनं भोकं पाडलेली.
कातड्याचीच बारीक वादी
पाण्याच्या डब्यातून काढून
ते एकेका भोकातून ओढत होते.
"तुज्या त्या किड्यांचं काय झालं?"
मी सांगितलं: प्रोटीन म्हणजे लांबच लांब माळ,
भिंतीतलं भोक बारीक,
माळ सरळ असेल तरच जाते,
गुंडाळून आकार घ्यायचा तो बाहेर गेल्यावर.
माझी आतच गुंडाळते.
आप्पांनी मान वर केली नाही.
"वादी वल्ली हाय तवरच ववायची.
वाळली की मुडपती. मग भोक फाटंल,
पर वादी जायाची न्हाई."
आणि बऱ्याच वेळानं,
"घाई नडती तुजी."

सदतीस अंशांवर वाढवत होते. पंचविसावर आणलं.
खरं तर हे पुस्तकातही असतं.
मी वाचलं होतं, पेन्सिलीनं खूणही केली होती.

त्याच पानावर पुढे:
माळेच्या टोकाला पंचवीस-तीस मण्यांची एक ओळख असते.
तीच माळेला दारापर्यंत नेते,
आणि दार ओलांडता ओलांडता
एक कात्री ती तोडून टाकते.
बाहेर जाऊन जे काम करतं
त्यात तिचा मागमूस नसतो.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून
मी हॉस्टेलच्या गच्चीवर गेले होते.
मुलाखतीत एकानं विचारलं होतं, हसतमुखानं,
"जवाहरनगर म्हणजे नेमकी कुठली बाजू?"
मी बाजू सांगितली.
त्यांनी चहा मागवला, माझ्यासाठीही.

असो. मण्यांना कुणी पत्ता विचारत नाही,
ही तुलना फार ताणली तर फाटेल.
पण तोडलेल्या तुकड्याचं काय होतं, हे मी शोधलं.
भिंतीतच पडून राहतो थोडा वेळ,
मग दुसरी कात्री त्याचा भुगा करते.
आमच्या विषयात हा भाग तळटीपेत येतो.

चौथ्या रात्री अकराव्या प्लेटवर
एका ठिपक्याभोवती, ज्वारीच्या दाण्याएवढी,
काच.
प्लेट दिव्याखाली धरली.
त्या गोलातून टेबल दिसत होतं,
टेबलावरचा चहाचा जुना डाग दिसत होता.
आप्पांना फोन लावणार होते, पण दीड वाजलेला.

वही उघडली. मातीच्या ओळीपुढे
बॉलपेननं लिहिलं: हौद आमचा.
मग तारीख घातली, तापमान घातलं.
बाकीच्या तेरा प्लेटा पांढऱ्याच.