पोतं फोडण्याआधी

लांजेवारांच्या राईस मिलमध्ये
एकाच धानाच्या दोन पावत्या निघाल्या.
नव्या लॅपटॉपवर एक आकडा,
काट्याजवळच्या जुन्या डब्यावर दुसरा.
फरक दशांशानंतरच्या तिसऱ्या घरात,
म्हणजे मूठभर, चिमण्यांनी नेला तरी कळू नये इतका.
पण पारबता बुराडे दोन्ही कागद उजेडाकडे धरून म्हणाली,
"काटा मारता का जी?"

मापाचा प्रोग्राम माझा.
शेठ गप्प राहिले, ते मलाच लागलं.

सगळे म्हणाले, डबा जुना झाला, फेका.
मीही तेच म्हणाले.

बेरजेचं फंक्शन एक, नाव एक.
कंपायलर त्याच्या आवृत्त्या काढतो:
एक नव्या प्रोसेसरसाठी, आठ-आठ आकडे एका घासात गिळणारी,
एक मधल्यासाठी,
आणि मूळची साधी, ज्याला यातलं काही येत नाही त्याच्यासाठी.
प्रोग्राम उठला की दारातच कोणीतरी यंत्राचं तोंड बघतो
नि ठरवतो, आज कामाला कोण.
त्या फंक्शनच्या माथ्यावर मी एक सूचना लिहिली होती:
बेरजेचा क्रम मोडू नकोस.
कारण दशांश मानी असतात.
लहान आधी की मोठा आधी, एवढ्यावरून
शेवटचा आकडा रुसतो.

तीन रात्री गेल्या.
दिवसा लाईन नसायची, रात्री डास असायचे.
कोंड्याच्या ढिगाशेजारी उलट्या खोक्यावर बसून
मी कंपायलरचं पोट उघडलं.
पहिली अख्खी रात्र दारातल्या त्या निवडणाऱ्यावर संशय घेतला,
त्याची झडती घेतली, उलटसुलट विचारलं.
तो बिचारा निर्दोष निघाला.
मग असेंब्ली, ओळीला ओळ लावून,
डोळ्यांत तूस गेल्यासारखं होईपर्यंत.

चौथ्या पहाटे, बोडीवर बगळे उतरायच्या सुमारास,
दिसलं.
तो आधी प्रती काढतो, प्रत्येकीला नावाचं शेपूट लावतो
आणि त्यानंतर माथ्यावरची सूचना वाचतो.
ती चिकटते फक्त मूळच्या अंगाला.
प्रतींना कोणी काही सांगितलेलंच नाही.

म्हणजे जुना डबा खरं बोलत होता.
खोटा होता माझा लॅपटॉप,
ज्याचे हप्ते अजून चालू आहेत.

फागो मिस्त्री पट्टा चढवायला आला,
त्याला सांगितलं, कारण दुसरं कोणी जागं नव्हतं.
त्याने बिडी कानावर ठेवली.
"माह्या हातून असंच झालतं.
पारबताच्या पोत्यावर चिठ्ठी होती: बियाणं, भरडू नये.
पोतं जड, म्हणून तिघांत फोडलं.
चिठ्ठी रायली एकावर. बाकीची दोन
हॉलरमंदी गेली."
थोडा वेळ तो पट्ट्याकडेच बघत राहिला.
"आदी चिठ्ठ्या लिवाच्या, मंग पोतं फोडाचं.
तुह्या यंत्राले एवढंबी समजत नाही?"

नाही समजत.
मी दोन ओळी उचलून वर ठेवल्या.
सूचना आधी, प्रती मागून.
एक चाचणी लिहिली, जी तिन्ही आवृत्त्यांना
तोच हिशेब वेगवेगळा गाठून विचारते.
बांधणीला पन्नास मिनिटं लागली,
यूपीएस शेवटची दहा मिनिटं कोकलत होता.

दुपारी दोन्ही यंत्रांवर एकच आकडा.
पारबताने नवी पावती जुन्या दोहोंवर ठेवून पाहिली,
घडी घालून कमरेला खोवली.
शाबासकी वगैरे काही नाही.
"आन् मांगची मूठ?"

शेठ हसले, राशीत हात घातला,
तिच्या ओंजळीत मूठभर धान टाकलं.
तिने एक दाणा नखाने सोलला, नाकाशी नेला.
"हे माहं चिन्नोर नोहय," म्हणाली,
आणि फागोकडे बघितलं.
फागो पट्ट्याला तेल लावत होता,
जिथे तेल लागत नाही, तिथे.