कपाटाची किल्ली

दोन वर्षं ती किल्ली माझ्या कमरेला होती.
उदगीरच्या नळेगाव रोडला, गिरणीला लागून
जी पत्र्याची खोली आहे, तिथं शाळा सुटल्यावर
मी कपाट उघडायची,
चौदा लॅपटॉप मोजून द्यायची,
साडेसातला मोजून घ्यायची.
मोजणं हेच माझं शिकवणं, असंही वाटायचं कधी कधी.

लातूरच्या कुठल्याशा पतसंस्थेनं काढून टाकलेली यंत्रं ती.
पाठीवर चिकटपट्ट्या : मालमत्ता क्रमांक ४१७, ४१८.
एकाचं बटण दाबलं की आत रुतून बसायचं,
एकाच्या पडद्यावर उभी हिरवी रेघ.
पोरं तिला मांजरा म्हणायची.
बॅटरी उतरली की तीही आटायची.

एखादा बंद पडला की ओरड ठरलेली :
"मॅडम, तुमचा लॅपटॉप गेला बगा."
तुमचा.
धूळ तुमची, तुटलेली वायर तुमची.
दाणे खाऊन तेलकट बोटं मात्र कुणाचीच नाहीत.

मग जूनमध्ये संस्थेचं पत्र आलं,
वहीत सह्या घ्या आणि देऊन टाका पोरांना.
मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून.

"परत कधी द्यायचा?" महानंदानं विचारलं.
"नाही द्यायचा."
"म्हंजे परीक्षा झाल्यावर?"
"तेव्हाही नाही."
ती दारापर्यंत गेली, तशीच मागं फिरली.
"आन् मोडला तर?"
"तर तुझा मोडला."
हे ऐकून ती पहिल्यांदा हसली.

नागनाथ बिरादारनं रॉकेलचा बोळा फिरवून
चारशे सतरा खरवडून काढला,
बहिणीच्या नेलपॉलिशनं नाव घातलं,
आडनाव मावेना तर कडेवरून खाली वळवलं.
सुमय्याच्या अब्बांनी शेरवानीच्या उरलेल्या कापडाची
पिशवी शिवली, आत अस्तर, वर सोनेरी गुंडी.
आता तिचा लॅपटॉप रोज नवरदेवासारखा येतो.

मी म्हटलं, पासवर्ड ठेवा.
कुणाला सांगू नका. मलासुद्धा.
खोली गप्प झाली.
एका खोलीत सात जण निजणाऱ्या पोरांकडं
झाकून ठेवायला आजवर होतं काय?
रेवणला वीस मिनिटं लागली.
दुसऱ्या दिवशी तो विसरला,
आणि आठवल्यावर असा ओरडला
की गिरणीवाल्या माणिकरावांनाही कळलं.
मग नवा ठेवला. तोंडावर हात धरून.

श्रावणातली गोष्ट.
गंगासागरची बेरीज चुकत होती,
मी सवयीनं तिच्यासमोरचा लॅपटॉप
माझ्याकडं ओढला.
तिनं बटणांवर तळवा ठेवला. अलगद.
"मॅडम, विचारून घ्या."

गिरणी बंद होती त्या वेळी,
त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.
माझे कान तापले. पंचवीस वर्षांत
कुठल्या पोरानं असं म्हटलं नव्हतं,
आणि म्हटलं असतं तर मी काय केलं असतं,
ते मला चांगलं ठाऊक आहे.

मी विचारलं.
तिनं खरोखरच विचार केला,
मग पडदा अर्धा माझ्याकडं वळवला.
"घ्या. पण मांजरावर बोट ठेवू नका,
लई दुखतंय तिला."

कपाटात आता खडू आहेत, एक मोडकी छत्री.
किल्ली कमरेलाच असते.
काढून ठेवली तर चालताना
एका अंगाला हलकं हलकं वाटतं.

काल संस्थेला अहवाल पाठवायचा होता.
माझ्याकडं लॅपटॉप नाही, कधीच नव्हता.
सुमय्याला मागितला, रात्रीपुरता.
तिनं सोनेरी गुंडी सोडली, पुन्हा लावली,
वायर गुंडाळून दिली, मग दप्तरातून
एक दोनशे पानी वही काढली,
पट्टीनं रकाने आखले :
नाव, तारीख, परत करण्याची वेळ.

"इथं सही करा, मॅडम."