नवती, पिलबाग, वापसी

सावद्याच्या काट्यावर मे महिन्यात
रात्री अकरालाही लोखंड गरम असतं.
फळ्यावर खडूनं तीन भाव : नवती, पिलबाग, वापसी.
दिल्लीची गाडी उभी, फाळकं उघडं, पाला अंथरलेला,
आणि घड चढायच्या आधीच
चौथ्या नंबरचा वाद चढलेला.

उद्या संघ जाहीर होणार.
रघुरामन की हरजोत?

भंगाळे ड्रायव्हर रघुरामनचा माणूस.
"पिलबाग आहे भो. एकदा कापणी झाली,
पन मूळ जाग्यावर आहे.
वादळात नवती पडते पहिले."

सुभान तडवी बिडी विझवत नाही,
नुसती बाजूला धरतो.
"त्याचे पाय पाह्यले का?
चेंडू येऊन जातो, मंग याचा पाय निघतो.
पाय गेला का बॅट्समन गेला.
पोऱ्याले घ्या. पडीन, उठीन."

मग सगळे माझ्याकडे पाहतात,
कारण आकडे माझ्याकडे.
वजनाच्या पावतीमागे लिहून ठेवलंय :
रघुरामन, परदेशात सरासरी एकेचाळीस,
गेल्या दहा डावांत एकोणीस.
हरजोत, डावच सहा.

"सहा डावात मानूस कळते?"
"मले सहा घडात हमाल कळतो," सुभान म्हणतो,
आणि फाळक्यावर बसलेला रायसिंग बारेला
उगाच पाय हलवायचा थांबतो.
तो एकोणीस वर्षांचा. क्रिकेटमधलं त्याला
षटकार सोडून काही कळत नाही.

खरं तर मोठं मैदान आमच्यातल्या कुणीच पाहिलेलं नाही.
भंगाळे एकदा दिल्लीत
स्टेडियमच्या भिंतीला गाडी लावून झोपला होता.
आत एवढा आरडाओरडा झाला की जाग आली,
पण कोण बाद झालं
ते शेवटपर्यंत कळलं नाही.
तरी तो हे असं सांगतो
की आपण तिकीट काढलं होतं असं वाटावं.

पहाटे फिरके मुकादम आला, हातात माझीच वही.
रावेरकडच्या बागेसाठी दहा जण हवे होते.
नावं वाचली. नववा रायसिंग.
दहावाही दुसराच कुणी.
"सुभानभाऊ, तू इथीच पाला टाक.
तुह्ये पाय आता..."
पुढचं त्यानं घशातच ठेवलं.

वहीत सुभानच्या नावापुढे
मार्च ब्याण्णव, एप्रिल ऐंशी, मे एकाहत्तर.
अक्षर माझं.
सात इतका वळणदार काढता येतो मला,
हे त्या सकाळी आवडलं नाही.

"अरे मुकादम, अनुभव बी काही..." भंगाळे बोलू लागला,
मग त्यानं इंजिन चालू केलं.

सुभाननं चुंबळ काढली, झटकली,
पुन्हा डोक्यावर ठेवली, जशी होती तशी.
बनियनवर चिकाचे डाग, एकावर एक,
कुठल्या साली कुठला पडला सांगता येणार नाही असे.
माझ्या मोबाइलकडे बोट करून म्हणाला,
"लागला का?"
"नऊला कळेल."

नऊला कळलं. हरजोत आत.
पाल्याच्या ढिगाकडे जाऊन सांगितलं.
"म्हनलो नव्हतो मी?"
पैज जिंकलेला माणूस हसतो तसा तो हसला,
अगदी दात दाखवून.
विळा दोनदा चालला.
मग मान वर न करता :
"अन् रघुरामन?"

मी यादी खाली सरकवली.
राखीव खेळाडूंतही नव्हता.

"त्याचं काही तरी लिहेल अशीन," सुभान म्हणाला,
"नीट पाह्य."

मी पुन्हा वरून वाचायला लागलो.